इंचभर बर्फ राहू द्या!



परवा आमच्या वर्गात एक गंमत झाली. माझा मावसभाऊ अमेरिकेत राहतो. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. त्यानं गेल्या हिवाळ्यात काढलेली एक छोटीशी फिल्म मला मोबाइलवर पाठवली होती. ती मी चौथीच्या मुलांना दाखवली. फिल्ममध्ये काय होतं? सगळीकडे पांढरंशुभ्र बर्फ, दोन्ही बाजूंना झाडं, आणि मधून हळूहळू येणारा एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टरच्या मागे एक तिरकं लोखंडी पातं. ट्रॅक्टर पुढे जाई, तसा मागे रस्ता मोकळा होत जाई.

फिल्म संपली आणि मागच्या बाकावरचा एक गडी उभा राहिला. "बाई, एवढासा ट्रॅक्टर कशाला? जेसीबी आणायचा ना! एका दमात सगळं साफ!"

दुसरी एक मुलगी म्हणाली, "आणि बाई, त्यांनी नीट साफ पण नाही केलं. रस्त्यावर अजून पांढरं दिसतंय."

मुलांनो, खरं सांगते, दोघांचेही प्रश्न फार चांगले होते. कारण दादानंही पहिल्या वर्षी अगदी हेच दोन विचार केले होते, आणि ते त्याला चांगलेच महागात पडले होते. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात व्हरमाँट नावाचं एक लहानसं राज्य आहे. नकाशात बघा, त्याच्या उत्तरेला लगेच कॅनडा लागतो. डोंगर, जंगलं आणि दूधदुभत्याची शेती यांचं हे राज्य. अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चकचकीत रस्ते येतात. पण या राज्यातले निम्म्याहून जास्त रस्ते आजही कच्चे आहेत बरं का! म्हणजे आपल्याकडे असतात तसे खडी-मुरमाचे. हिवाळ्यात तिथे एकूण मिळून सहा फुटांहून जास्त बर्फ पडतं. तापमान शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंतही उतरतं.

दादानं तिथल्या एका खेड्यात टेकडीवरचं घर घेतलं. घरात दादा, वहिनी, माझी नऊ वर्षांची भाची आणि माझी मावशी, म्हणजे दादाची आई. घर छान, पण सार्वजनिक रस्त्यापासून चांगलं ४०० मीटर आत. तो ४०० मीटरचा रस्ता दादाच्या मालकीचा आणि खडीचा. सार्वजनिक रस्त्यावरचं बर्फ गावाची गाडी येऊन काढते. आतला रस्ता मात्र ज्याचा त्यानं मोकळा करायचा.

घर घेतलं तेव्हा शरद ऋतू होता. झाडांची पानं लाल-पिवळी झाली होती. बर्फाची काळजी कोणाला? हिवाळा तोंडावर आला तसा दादा दुकानात गेला. तिथे हातानं ढकलत न्यायचं, बर्फ उडवणारं एक सुंदर लाल यंत्र ठेवलेलं होतं. पुढे फिरणारी पाती, वर धुराड्यासारखं नळकांडं. बर्फ आत ओढायचं आणि नळकांड्यातून कारंज्यासारखं बाजूला फेकायचं. दादाला ते फार आवडलं आणि त्यानं ते घेतलं. रस्ता किती लांब आहे, कशाचा आहे, हे दुकानदारानं विचारलं नाही आणि दादानंही सांगितलं नाही.

आता पाटी-पेन्सिल घ्या. दादानं दुकानात जाण्याआधी करायला हवं होतं ते गणित आपण करू.

रस्त्याची लांबी ४०० मीटर, रुंदी ३ मीटर. समजा एका रात्रीत ३० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या फूटपट्टीएवढं उंच बर्फ पडलं. तर एकूण बर्फ किती? ४०० गुणिले ३ गुणिले ०.३, म्हणजे ३६० घनमीटर. नुकतं पडलेलं भुसभुशीत बर्फ एका घनमीटरला साधारण १०० किलो भरतं. म्हणजे ३६,००० किलो, ३६ टन! एक मोठा हत्ती चार टनांचा धरला, तर रस्त्यावर नऊ हत्ती बसलेत असं समजा. आणि बर्फ ओलं, जड असेल तर तेच वजन तिप्पटही होतं. म्हणजे सत्तावीस हत्ती!

हे फावड्यानं काढायचं ठरवलं तर? एका फावड्यात चार किलो बर्फ येतं असं धरा. नऊ हजार वेळा फावडं उचलावं लागेल. मिनिटाला दहा वेळा उचललं तरी पंधरा तास! तेही न थांबता.

आणि दादाच्या लाल यंत्रानं? त्याची रुंदी ६० सेंटिमीटर. तीन मीटर रस्त्यावर पाच पट्टे मारावे लागणार. पाच वेळा ४०० मीटर म्हणजे दोन किलोमीटर. एवढं अंतर गुडघाभर बर्फात, कडाक्याच्या थंडीत, यंत्राच्या मागे चालायचं. दादाला एका वेळेला दोन तासांहून जास्त लागायचे.

पण खरी अडचण वेगळीच होती. रस्ता खडीचा ना! बर्फाबरोबर खडीही यंत्रात जायची आणि नळकांड्यातून गोफणीतल्या दगडासारखी सुटायची. एकदा एक खडा थेट गाडीच्या काचेवर बसला. काच गेली. मोठा दगड पात्यात अडकला की तिथली एक खीळ मोडायची. ही खीळ मुद्दाम कच्ची केलेली असते. खीळ मोडते आणि यंत्र वाचतं. पण ती पुन्हा बसवेपर्यंत काम बंद.

आणि मग जानेवारीतली ती रात्र आली.

दुपारपासून बर्फ पडत होतं. दादा संध्याकाळी एकदा यंत्र घेऊन बाहेर गेला. अर्ध्या वाटेत खीळ मोडली. घरात दुसरी खीळ नव्हती. "सकाळी बघू," म्हणत तो परत आला. रात्री अकराच्या सुमारास मावशीला दम्याचा जोरात झटका आला. श्वास घेता येईना. आपल्याकडे १०८ क्रमांक असतो ना, तसा तिकडे ९११. वहिनीनं फोन केला. रुग्णवाहिका लवकर आली सुद्धा, कारण सार्वजनिक रस्ता मोकळा होता. पण ती थांबली दादाच्या रस्त्याच्या तोंडाशी. पुढे ४०० मीटर बर्फ.

भाची खिडकीत उभी होती. ती मला नंतर म्हणाली, "आत्या, लाल दिवा दिसत होता, पण तो पुढे येतच नव्हता."

रुग्णवाहिकेतली माणसं प्राणवायूची टाकी घेऊन बर्फ तुडवत चालत वर निघाली. तेवढ्यात खालच्या शेतावरचे म्हातारे शेजारी लाल दिवा पाहून आपला जुना ट्रॅक्टर घेऊन आले. मागे लोखंडी पातं जोडलेलं होतं. वीस मिनिटांत त्यांनी एका गाडीपुरती वाट केली. रुग्णवाहिका वर आली, मावशी दवाखान्यात पोचली आणि बरी झाली. आज ती ठणठणीत आहे, काळजी करू नका. पण दादा त्या रात्रीबद्दल बोलताना अजूनही मध्येच थांबतो.

दोन दिवसांनी तो त्या आजोबांकडे गेला. म्हणाला, "मला तुमच्यासारखं मोठं यंत्र घ्यायचंय. कुठलं घेऊ?"

आजोबा हसले. म्हणाले, "यंत्राचं नंतर बघू. आधी तुझा रस्ता दाखव."

मग दोघं रस्त्यावरून चालत गेले आणि आजोबांनी चार प्रश्न विचारले. रस्ता किती लांब आहे? कशाचा आहे? काढलेलं बर्फ टाकायला जागा कुठे आहे? आणि जे अवजार घेशील ते उरलेल्या आठ महिन्यांत काय करणार? मुलांनो, या चार प्रश्नांत सगळं आलं.

दादापुढे तीन मार्ग होते.

पहिला, पिकअप गाडीच्या पुढे पातं लावायचं. हे सगळ्यात झटपट होणारं काम. चालवणारा उबदार गाडीत बसतो आणि बर्फ ढकलत जातो. पण ढकललेलं बर्फ कुठेतरी साठवावं लागतं. दादाच्या रस्त्याला एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला ओढा. फेब्रुवारीपर्यंत कडेचे ढीग दगडासारखे गोठतात आणि रस्ता अरुंद होत जातो. पुढचं पातं ते ढीग ढकलू शकतं, उचलू शकत नाही. शिवाय दादाकडे पिकअप नव्हती. फक्त बर्फासाठी आख्खी गाडी घ्यावी लागली असती.

दुसरा, ट्रॅक्टरला बर्फ उडवणारं मोठं यंत्र जोडायचं. हे यंत्र बर्फ लांब फेकतं, त्यामुळे कडेला ढीग होत नाहीत. बर्फ उडवणारं असं यंत्र कॅनडातल्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५ साली तयार केलं आणि १९२७ साली पहिलं यंत्र एका गावाला विकलं. गोठलेल्या मोठ्या रस्त्यांवर त्याला तोड नाही. पण खडीवर? दादाला गाडीची फुटलेली काच आठवली. खडी याही यंत्रात जाणारच.

तिसरा, मध्यम आकाराचा ट्रॅक्टर, मागे तिरकं करता येणारं पातं आणि पुढे बादली. मागचं पातं बर्फ बाजूला सारतं. ढीग वाढले की पुढच्या बादलीनं ते उचलून लांब मोकळ्या जागेत नेता येतात. यात तोटा नाही असं नाही. मागे वळून वळून बघावं लागतं, मान दुखते. वेगही पिकअपपेक्षा कमी. पण आजोबांच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. वसंतात बर्फ वितळलं की खडीचा रस्ता चिखलानं खराब होतो, चाकोऱ्या पडतात. तेच मागचं पातं वापरून खडी पुन्हा सारखी करता येते. लाकडं ओढा, शेणखत वाहा. बारा महिने काम.

दादानं जुना ट्रॅक्टर घेतला. गंमत म्हणजे आपल्या महिंद्रा कंपनीचे ट्रॅक्टर १९९४ पासून अमेरिकेत विकले जातात, आणि दादाला मिळाला तोही त्यातलाच! ट्रॅक्टर अंगणात आला तेव्हा मावशी खिडकीत बसली होती. मागचं आडवं पातं पाहून ती म्हणाली, "अरे, हा तर आपला कुळव!"

खरंच की! कुळवालाही आडवं पातंच असतं. मावशीचं माहेर शेतकऱ्याचं. तिनं विचारलं, "पण बाळा, कुळव खोल जावा म्हणून आपण त्यावर दगड ठेवतो, नाहीतर माणूस उभा राहतो. इथे खोल गेला तर तुझी खडीच निघून येईल की रे!"

बघा, जे दादाला एक हिवाळा घालवून कळलं, ते मावशीनं पाहताक्षणी ओळखलं. आणि हीच आजच्या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. खडीच्या रस्त्यावरचं सगळं बर्फ काढायचंच नसतं! इंचभर राहू द्यायचं.

असं का? हिवाळ्याच्या सुरुवातीला खडी सैल असते. पातं जमिनीला घासलं की बर्फाबरोबर खडी निघते आणि ओढ्यात जाते. म्हणून पहिली एक-दोन बर्फं थोडी राहू द्यायची. त्यावरून गाडी फिरवायची. ते दाबलं जातं आणि गोठून खडीवर कडक थर बसतो. पुढे सगळा हिवाळा पातं त्या थरावरून फिरतं. खडी खाली सुरक्षित. चढावर घसरू नये म्हणून थोडी वाळू टाकायची. मीठ टाकायचं नाही, कारण मिठानं थर वितळतो, पाणी खाली मुरतं आणि रस्ता मऊ होतो.

हा इंच राखायच्या युक्त्याही आजोबांनीच शिकवल्या. पात्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी चकत्यांसारखे पाय असतात. ते खाली सोडले की पातं जमिनीपासून वर राहतं. काही जण लोखंडी पाइप लांबीत चिरून पात्याच्या धारेवर बसवतात. धार बोथट होते आणि पातं खडीत रुतण्याऐवजी वरून सरकतं. आणि काहीच नसेल तर पातं उलटं फिरवायचं, म्हणजे त्याची गोलसर पाठ जमिनीला लागते.

दुसऱ्या वर्षी दादानं तयारी ऑक्टोबरातच सुरू केली. जमीन गोठण्याआधी रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच काठ्या ठोकल्या, कारण बर्फ पडल्यावर रस्ता कुठे आणि ओढा कुठे ते कळतच नाही. मागच्या चाकांना साखळ्या बांधल्या. कडक थंडीत डिझेल घट्ट होतं, म्हणून थंडीसाठीचं डिझेल भरलं. इंजिन ऊबदार ठेवायला विजेवरचा हीटर बसवला. पहिल्या बर्फापासूनच बर्फ रस्त्याच्या कडेच्याही पलीकडे ढकललं, म्हणजे पुढच्या ढिगांना जागा राहिली. ते सार्वजनिक रस्त्यावर लोटायला तिथे कायद्यानंच मनाई आहे. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे बर्फ पडून थांबायची वाट पाहिली नाही. थोडं पडलं की एक फेरी, पुन्हा थोडं पडलं की दुसरी. नऊ हत्ती एकदम उचलण्यापेक्षा तीन-तीन करून उचललेले बरे, नाही का?

आणि ते लाल यंत्र? ते फेकून दिलं नाही. घरापुढे थोडी फरसबंदी आहे, तिथे खडी नाही. तिथे ते झकास चालतं. पायऱ्यांसाठी फावडं. म्हणजे तिन्ही अवजारं चांगलीच, ज्याची त्याची जागा वेगळी.

भाचीला मात्र दोन नियम घालून दिलेत, ते तुम्हीही लक्षात ठेवा. ट्रॅक्टर चालू असताना त्याच्या मागे-पुढे फिरकायचं नाही, कारण चालवणाऱ्याला लहान मूल दिसत नाही. आणि बर्फ उडवणाऱ्या यंत्रात काही अडकलं तर हात कधीच घालायचा नाही. मोठ्या माणसांनीसुद्धा यंत्र बंद करून काठीनंच काढायचं. मळणी यंत्राला आणि उसाच्या चरकालाही हाच नियम, हे तुमच्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नकोच.

ही गोष्ट सांगून झाल्यावर मी वर्गाला विचारलं, "मग जेसीबी आणायचा का?"

मागच्या बाकावरचा आमचा गडी डोकं खाजवत म्हणाला, "नको बाई. तो खडी पण उचलेल." आणि थोड्या वेळानं स्वतःहून म्हणाला, "बाई, आपल्या मैदानावरचं पण तसंच झालं होतं ना?"

तो म्हणत होता ते खरं होतं. मागच्या पावसाळ्यात शाळेला गवत कापायचं पेट्रोलचं यंत्र मिळालं होतं. आम्ही सगळे खूश! पण आमचं मैदान खडकाळ. पहिल्याच दिवशी एक खडा उडून खिडकीला लागला. नशीब, शनिवारची शाळा सुटली होती. तेव्हापासून ते यंत्र कपाटाशेजारी उभं आहे आणि गवत काढायला आम्ही विळेच वापरतो. यंत्र घ्यायला होकार मीच दिला होता. मैदानाकडे न बघता! दादाला मी काय हसू?

आईबाबांनाही एक सांगायचं आहे. मुलं दुकानात एखाद्या चकचकीत वस्तूपुढे थांबली, की त्यांना रागावण्यापेक्षा आजोबांचे चार प्रश्न त्यांच्यापुढे ठेवून बघा. काम किती? कशावर? त्यानंतर काय? आणि इतर वेळी उपयोग काय? सायकल असो, दप्तर असो की शेतातला पंप. उत्तरं मुलांनाच शोधू द्या.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. दादानं ४०० मीटर रस्त्यावर एक इंच, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर बर्फ राहू दिलं. रस्त्याची रुंदी तीच, ३ मीटर. तर रस्त्यावर किती घनमीटर बर्फ राहिलं? आणि नवं, भुसभुशीत बर्फ धरलं तर त्याचं वजन किती हत्तींएवढं? आधी स्वतः सोडवा, मगच मोठ्यांना विचारा. आणि हो, तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याची लांबी, रुंदी आणि तो कशाचा आहे हेही वहीत लिहून ठेवा. त्या रस्त्यावरून रात्री रुग्णवाहिका तुमच्या दारापर्यंत येऊ शकेल का, हे एकदा घरच्यांबरोबर चालत जाऊन बघा. वाटेत काय अडतं ते दिसलं, की ते दूर करायला कुठलं अवजार लागेल तेही सुचेल.

भेटूया पुढच्या अंकात!

तुमच्या,
बाई